बेस कुठे, रोव्हर कुठे, आणि जोडणी कोण उघडणार?

सांगलीत उंचीला किंमत आहे. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर गेलं की धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. गाव सपाट, त्यामुळे पाणी फूटभर चढलं की आणखी कितीतरी गल्ल्या बुडतात. गावभागात आणि सांगलीवाडीत काही घरांच्या भिंतींवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या रेघा लोकांनी जपून ठेवल्यात. अशा रेघेची उंची अर्ध्या फुटाने चुकली तर ते माप कोणाच्याच उपयोगाचं नाही. जोतं किती उचलायचं हे माणूस त्यावरून ठरवतो.

मी सर्व्हेचं काम करते. उसाच्या रानाचे कॉन्टूर, पाइपलाइनची आखणी, प्लॉटच्या हद्दी, आणि २०१९ नंतर या पूररेषाही. सगळ्याला आता जीएनएसएस रिसीव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा काढणारं यंत्र, लागतो. पण एकटा रिसीव्हर, कितीही भारी असला तरी, उघड्यावर स्वतःच्या बळावर मीटर-दोन मीटरच्या आसपासच राहतो. सेंटिमीटर मिळतो तो आरटीके पद्धतीने. निर्देशांक माहीत असलेल्या जागी एक रिसीव्हर बसवायचा, तो बेस. दुसरा पोलवर लावून रानात फिरायचं, तो रोव्हर. बेसला आकाशात काय दिसतंय ते दर सेकंदाला रोव्हरपर्यंत पोचवत राहायचं. चांगल्या रिसीव्हरच्या माहितीपत्रकात आडव्या मापासाठी ८ मिलिमीटर आणि उंचीसाठी १५ मिलिमीटर असा आकडा असतो. त्यावर बेसपासूनच्या दर किलोमीटर अंतरामागे आणखी १ मिलिमीटर धरायचा.

माहितीपत्रकात बेस आणि रोव्हर यांच्यामधल्या वाटेबद्दल मात्र काहीच नसतं. माझ्याकडे नव्या पोरांचे फोन येतात, "ताई, उपग्रह भरपूर दिसतायत, पण फिक्स येईना झालंय." फिक्स म्हणजे रोव्हरने सेंटिमीटरपर्यंत पक्की धरलेली जागा. आकाश नीट, यंत्र नीट, आणि तरी दुपार फुकट जाते ती बहुतेक वेळा या वाटेमुळे. रिसीव्हर विकणारे एकदा सेटिंग करून देतात आणि कशालाही हात लावू नका म्हणतात. मग सिम बदललं, घरचा राउटर बदलला, की सगळं बंद. म्हणून सेटिंग का आणि कसं करायचं ते इथे सविस्तर लिहिते आहे.

रिसीव्हरचं नेटवर्कचं पान उघडलं की टीसीपी सर्व्हर, टीसीपी क्लायंट, यूडीपी, एनट्रिप क्लायंट, एनट्रिप सर्व्हर, एनट्रिप कास्टर अशी नावं एकाखाली एक दिसतात. त्यातलं एकेक लावून बघण्यात वेळ घालवू नका. आधी कागदावर दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. पहिला प्रश्न: जोडणी कोण उघडणार? म्हणजे कोण कोणाचा पत्ता शोधत जाणार. दुसरा: डेटा कुठून कुठे जाणार? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि सगळा गोंधळ ते एकच समजल्यामुळे होतो. डेटा बेसकडून येतो, म्हणजे बेस हा सर्व्हर, म्हणून बेसवर टीसीपी सर्व्हर लावायचा, असा विचार मनात आपोआप येतो. टीसीपीत, म्हणजे आधी जोडणी करून मग डेटा पाठवण्याच्या पद्धतीत, सर्व्हर म्हणजे फक्त जागेवर बसून वाट बघणारा आणि क्लायंट म्हणजे उठून जाणारा. एकदा जोडणी झाली की दोन्ही बाजूंनी डेटा जाऊ शकतो. कोण आधी गेलं याचा डेटाच्या दिशेशी संबंध नाही.

एनट्रिप सर्व्हर या पर्यायाचंच बघा. बेसकडचा डेटा कास्टरला, म्हणजे तो रोव्हरला वाटणाऱ्या मधल्या संगणकाला, चढवणारा तो एनट्रिप सर्व्हर. पण टीसीपीच्या हिशोबाने तोच उठून कास्टरकडे जातो, म्हणजे तो क्लायंट असतो. हे लक्षात आलं की राउटरमध्ये पोर्ट (आत येण्याचं क्रमांकाचं दार) उघडायच्या भानगडीतून सुटका होते. बाहेर जाणाऱ्या जोडणीला राउटर सहसा अडवत नाही.

एनट्रिप ही इंटरनेटवरून बेसचा डेटा पोचवण्याची पद्धत जर्मनीच्या बीकेजी या भूमापन संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली आणि २००४ मध्ये आरटीसीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने तिला मानक म्हणून स्वीकारलं. आतून ती वेबसारखीच चालते: एचटीटीपीची विनंती, वर नाव आणि पासवर्ड. नेहमीचा पोर्ट २१०१. मधला कास्टर सांगलीच्या मार्केट यार्डासारखा समजा. हळद घेऊन शेतकरी तिथे येतो, व्यापारीही तिथेच येतो, कोणी कोणाच्या घरचा पत्ता विचारत नाही. फक्त यार्ड कुठे आहे ते दोघांना माहीत हवं.

याची गरज का, ते जतला कळतं. माझा कायमचा बेस विश्रामबागेत गच्चीवर आहे. मिरज, तासगाव, आष्टा ही गावं त्याच्या आवाक्यात येतात. जत सत्तर किलोमीटरवर आहे. किलोमीटरला मिलिमीटर या हिशोबाने सात सेंटिमीटर तिथेच गेले, शिवाय इतक्या लांब वातावरणातला फरक एवढा असतो की फिक्स धरला तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हैसाळ योजनेच्या पाण्यासाठी जत भागात पाइपलाइन टाकायची तर उतार महत्त्वाचा. तिथे सात सेंटिमीटर म्हणजे पाणी पुढे जाणार की मागे थांबणार याचा प्रश्न. म्हणून तिथे बेस जागेवरच लावायचा. ट्रायपॉड, बॅटरी आणि रिसीव्हरमध्ये मोबाइलचं सिम.

आता कागदावर बघा. बेसमध्ये सिम, रोव्हरमध्येही सिम. रोव्हरने थेट बेसकडे जावं म्हटलं तर बेसला इंटरनेटवरून गाठता येईल असा पत्ता हवा, आणि साध्या सिमवर तो मिळत नाही. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. रिसीव्हरच्या स्टेटस पानावर सिमला मिळालेला पत्ता बघा. १० ने सुरू होणारा असेल, किंवा १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यातला असेल, तर तो खासगी. बाहेरून तिथे कोणीही पोचू शकत नाही. पोर्ट बदला, फायरवॉल बंद करा, काही उपयोग नाही. आता घरच्या फायबर जोडणीलाही पुष्कळदा असाच पत्ता मिळतो, म्हणून गच्चीवरच्या बेसलाही तोच नियम लागू. वाट बघत बसणं त्याला शक्य नाही, त्याने उठून जायचं. म्हणजे बेसवर एनट्रिप सर्व्हर, रोव्हरवर एनट्रिप क्लायंट, आणि मध्ये सार्वजनिक पत्ता असलेला कास्टर. कास्टरसाठी मी क्लाउडवर एक लहानसं मशीन भाड्याने घेतलंय. सुरुवात करणाऱ्याला आरटीकेटूगोसारखा फुकटचा कास्टरही चालतो. फक्त तिथे तुमच्या बेसचा डेटा सगळ्यांना खुला असतो हे माहीत असू द्या.

बेसची बाजू आधी पुरी करावी, कारण तिथली चूक दिवसभराच्या प्रत्येक बिंदूत उतरते.

घरच्या नेटवर्कमध्ये रिसीव्हरला ठरलेला पत्ता असावा, नाहीतर वीज गेली-आली की तो बदलतो आणि रिसीव्हरचं वेब पान कुठे शोधायचं ते कळत नाही. मी तो राउटरमध्येच राखून ठेवते आणि रिसीव्हर डीएचसीपीवर, म्हणजे पत्ता राउटरकडून आपोआप घेण्यावर, सोडते. काही जण रिसीव्हरमध्ये हाताने पत्ता भरतात. तसं करणार असाल तर गेटवे (बाहेर जायच्या वाटेचा, म्हणजे राउटरचा पत्ता) आणि डीएनएस (नावावरून आकडी पत्ता सांगणारा) या दोन रकान्यांकडे लक्ष द्या. डीएनएस रिकामा राहिला तर घरातल्या लॅपटॉपवरून वेब पान झकास उघडतं, पण रिसीव्हरला कास्टरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधता येत नाही. वरवर सगळं चालू दिसतं, डेटा मात्र बाहेर पडत नाही. अशा वेळी कास्टरच्या नावाऐवजी त्याचा आकडी पत्ता टाकून बघायचा. जोडणी झाली तर दोष डीएनएसचा.

एनट्रिप सर्व्हरच्या पानावर कास्टरचा पत्ता, पोर्ट, माउंटपॉइंटचं नाव (कास्टरवर तुमच्या बेसचा डेटा ज्या नावाने मिळतो ते) आणि चढवण्याचा पासवर्ड लागतो. चढवण्याचा पासवर्ड वेगळा आणि रोव्हरने डेटा घेण्याचा वेगळा. पहिल्या आवृत्तीच्या एनट्रिपमध्ये चढवताना वापरकर्त्याचं नाव नसतंच, नुसता पासवर्ड. दुसऱ्या आवृत्तीत नावही लागतं. रिसीव्हरमध्ये एक आवृत्ती निवडलेली आणि कास्टरला दुसरी हवी, असं झालं तर पासवर्ड बरोबर असूनही तो तुम्हाला आत घेत नाही. जुन्या रिसीव्हरवर आधी पहिली आवृत्ती लावून बघावी.

मग त्या जोडणीतून काय पाठवायचं ते निवडायचं. जोडणी करणं आणि तिच्यात संदेश सोडणं ही बऱ्याच रिसीव्हरांत दोन वेगळी पानं आहेत. पहिलं भरून दुसरं विसरलं की कास्टर म्हणतो जोडलंय, आणि बाइट शून्य. मी आरटीसीएम ३ या मानकाचे एमएसएम संदेश, म्हणजे बेसला दिसणाऱ्या उपग्रहांची मापं, पाठवते: जीपीएसला १०७४, ग्लोनासला १०८४, गॅलिलिओला १०९४, बायडूला ११२४. हे दर सेकंदाला. जास्त बारकावा हवा तर ७ ने संपणारे, म्हणजे १०७७ वगैरे. ते आकाराने मोठे, पण रोजच्या कामाला ४ वाले पुरतात. ग्लोनास वापरताना १२३० सोबत द्यावा, नाहीतर वेगवेगळ्या कंपन्यांच्या बेस-रोव्हरमध्ये ग्लोनासचा ताळमेळ बसत नाही. अँटेना आणि रिसीव्हरची ओळख सांगणारा १०३३ हाही असू द्यावा. आणि १००५ किंवा १००६, ज्यात बेसचे निर्देशांक असतात, तो दर पाच-दहा सेकंदांनी. हा संदेश गेलाच नाही तर बेस कुठे आहे हे रोव्हरला कळत नाही. मग उपग्रहांचा सगळा डेटा हातात असून तो फिक्सपर्यंत येत नाही.

१००५ मधले निर्देशांक कुठून आणायचे, याबद्दल मी फार आग्रही आहे. रिसीव्हरमध्ये "सध्याची जागा घ्या" अशा अर्थाचं बटण असतं. ते दाबलं की त्या क्षणीची मीटर-दोन मीटरने इकडेतिकडे असलेली जागा बेसची जागा म्हणून बसते. रोव्हर त्या चुकीवर सुंदर फिक्स देतो, एक-दोन सेंटिमीटरची अचूकता दाखवतो, आणि सगळं काम एका बाजूला सरकलेलं असतं. पडद्यावर काहीच लाल होत नाही. म्हणून कायमच्या बेसची जागा आधी कित्येक तासांचा स्टॅटिक (यंत्र एका जागी स्थिर ठेवून घेतलेला) डेटा घेऊन, सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स, म्हणजे कायम चालू असणाऱ्या, स्थानकांशी जोडून काढावी आणि हाताने भरावी. मग ती पुन्हा बदलू नये. जतसारख्या ठिकाणी एकदा काढलेला बिंदू खिळा ठोकून, रंग देऊन पक्का करावा आणि दुसऱ्या खेपेला त्याच खिळ्यावर, तेच निर्देशांक भरून बसावं. अँटेनाची उंची मात्र प्रत्येक वेळी नव्याने मोजायची, तिरपी की उभी ते लिहून ठेवायचं.

विजेचं पण सांगते. मे महिन्यातला वळीव आला की आमच्याकडे वीज जाते. रिसीव्हर बॅटरीवर तासन्‌तास चालतो, पण राउटर बंद पडला तर त्याचा उपयोग काय? राउटर, फायबरचा डबा आणि रिसीव्हर तिन्ही एकाच बॅकअपवर हवेत. जोडणी तुटली तर आपोआप पुन्हा जोडण्याचा पर्याय चालू आहे ना, हे वायर एकदा हाताने काढून, परत लावून तपासा.

आता रोव्हर. रोव्हरला डेटा देण्याचे दोन मार्ग आहेत. सिम रिसीव्हरमध्येच घालायचं, किंवा सिम फोनमध्ये ठेवून फोनवरच्या अॅपला एनट्रिप क्लायंट करायचं आणि फोनकडून रिसीव्हरला ब्लूटूथने डेटा द्यायचा. मला दुसरा मार्ग आवडतो. फोनवर रेंज दिसते, दोन कंपन्यांची सिमं असतात, आणि एकीची रेंज गेली की दुसरीवर जाता येतं. सिम रिसीव्हरमध्ये घालायचंच असेल तर एपीएन, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटच्या दाराचं नाव, बरोबर हवा. जिओला जिओनेट, बीएसएनएलला बीएसएनएलनेट, एअरटेलला एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम. फोन हे स्वतःहून ओळखतो, रिसीव्हरला सांगावं लागतं. सिमचा पिन आधी फोनमध्ये घालून बंद करावा. एपीएनच्या खाली आयपीव्ही४ की आयपीव्ही६ विचारलं असेल आणि दोन्ही असा पर्याय असेल, तर तो घ्यावा.

रेंजच्या बाबतीत एक गैरसमज आहे. फोर-जी, फाइव्ह-जी असेल तरच आरटीके चालतं असं लोक धरून चालतात. चार उपग्रहमालांचे एमएसएम ४ संदेश मिळून सेकंदाला काहीशे बाइट ते फार तर हजारभर बाइट होतात. आठ तासांच्या कामाला वीस-पंचवीस एमबी. वेग लागत नाही, सलगपणा लागतो. दर मिनिटाला दहा सेकंद गायब होणाऱ्या जोरदार रेंजपेक्षा सलग मिळणारी कमजोर रेंज कधीही बरी.

एनट्रिप क्लायंटमध्ये पत्ता, पोर्ट, नाव आणि पासवर्ड भरून आधी माउंटपॉइंटची यादी मागवायची. या यादीला सोर्सटेबल म्हणतात. यादी आली याचा अर्थ सिम, एपीएन, डीएनएस, पत्ता, पोर्ट सगळं ठीक आहे. पण पासवर्ड ठीक आहे असा अर्थ होत नाही, कारण यादी सहसा पासवर्डाशिवाय मिळते. म्हणून दोष शोधताना मी पहिल्यांदा विचारते, "यादी आली का रे?" आली असेल तर निम्मं नेटवर्क तिथेच निकालात निघतं.

पुढे कास्टर काय म्हणतो ते वाचायचं. बऱ्याच अॅपमध्ये लॉग असतो, तो कोणी उघडत नाही, आणि उत्तर तिथेच पडलेलं असतं. ४०१ आलं तर नाव-पासवर्ड चुकलाय. डेटाच्या जागी पुन्हा यादीच आली तर माउंटपॉइंटच्या नावात चूक आहे: पहिल्या आवृत्तीचा कास्टर न सापडणारं नाव मागितलं की यादी पाठवून देतो. लहान-मोठी लिपी आणि शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा बघा, फोनचा कीबोर्ड ती स्वतःच घालतो. आयसीवाय २०० ओके आलं म्हणजे दार उघडलं.

दार उघडलं आणि तरी डेटा येत नाही, असं झालं तर जीजीए बघा. कॉर्सच्या जाळ्यातले नेटवर्क प्रकारचे माउंटपॉइंट तुमच्या जागेसाठी खास डेटा बनवून देतात. त्यासाठी तुम्ही कुठे आहात हे त्यांना कळावं लागतं. रोव्हरने ठरावीक वेळाने आपली जागा जीजीए या ओळीतून कास्टरला पाठवायची असते, त्याच जोडणीतून उलट्या दिशेने. जोडणी कोणी उघडली आणि डेटा कुठे चाललाय हे वेगळं ठेवा म्हणते ते यासाठीच: इथे एकाच वाटेने दोन्हीकडून डेटा जातो. जीजीए पाठवण्याची खूण केलेली नसेल तर कास्टर वाट बघत बसतो आणि रोव्हरही. दुपारभर बसले तरी काही होणार नाही. ब्लूटूथने फोन वापरणाऱ्यांनी हेही बघावं की रिसीव्हर फोनला जीजीए देतोय ना. त्याने दिलं नाही तर फोन पुढे काय पाठवणार? दहा सेकंदांनी एकदा पाठवलं तरी पुरतं.

याच ओळीत आणखी दोन कामाच्या गोष्टी असतात. एक दर्जाचा आकडा: १ म्हणजे एकट्याच्या बळावर, २ म्हणजे साधी दुरुस्ती, ५ म्हणजे फ्लोट (अजून पक्की न झालेली जागा), ४ म्हणजे फिक्स. दुसरी, दुरुस्तीचा डेटा किती सेकंद जुना आहे. अॅपमध्ये हे वय मोठ्या अक्षरात दिसेल असं ठेवा. एक-दोन सेकंद चांगलं. ते दहाच्या पुढे चढायला लागलं की माझा हात थांबतो, फिक्स दिसत असला तरी. रेंज गेली की टीसीपीची जोडणी लगेच मोडत नाही. दोन्ही टोकं काही काळ समजून चालतात की समोरचा आहे. पडद्यावर "जोडलेले" असं हिरवं अक्षर दिसत राहतं आणि वय वाढत जातं. वेळमर्यादेचा रकाना असेल तर तिथे तीस सेकंदांसारखा छोटा आकडा घाला, म्हणजे अॅप स्वतःच जुनी जोडणी टाकून नवी उघडेल.

खराब रेंजमुळे डेटा बिघडून चुकीचा बिंदू येईल ही भीती मात्र सोडून द्या. आरटीसीएम ३ च्या प्रत्येक संदेशाच्या शेवटी २४ बिटांची तपासणी असते, आणि ती जुळली नाही तर रिसीव्हर तो संदेश टाकून देतो. याच कारणाने घरच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यूडीपीवरही काम चालतं. यूडीपीत जोडणी नसते, पोचल्याची हमी नसते, एक संदेश हरवला तर पुढच्या सेकंदाचा येतो. एकाच वेळी दोन-तीन टॅबलेटना जागा दाखवायची असेल तर ते सोयीचं. रानातल्या कामाला मी टीसीपीच वापरते.

रिसीव्हर आणि टॅबलेट वायफायने जोडणाऱ्यांची एक नेहमीची अडचण. रिसीव्हर स्वतःचं वायफाय सोडतो, टॅबलेट त्याला जोडला की त्या वायफायवर इंटरनेट नाही म्हणून टॅबलेट कुरकुर करतो, मध्येच ते सोडून मोबाइल डेटावर जातो, आणि रिसीव्हर दिसेनासा होतो. यावर मी उलटं करते. हॉटस्पॉट फोनचा, आणि रिसीव्हर त्याला जोडलेला. आता रिसीव्हरलाही इंटरनेट आणि टॅबलेटलाही. फक्त फोन रिसीव्हरला कोणता पत्ता देतो ते बघून घ्यावं लागतं, तो बदलू शकतो. इथे मात्र रिसीव्हरवर टीसीपी सर्व्हर लावणं योग्य, कारण दोघे एकाच नेटवर्कमध्ये आहेत आणि टॅबलेट त्याच्यापर्यंत पोचू शकतो. काही रिसीव्हर एका पोर्टवर एकालाच आत घेतात. दुसऱ्या टॅबलेटसाठी दुसरा पोर्ट उघडावा.

शिराळ्याच्या पश्चिमेला, चांदोलीकडे, ही सगळी विद्या थांबते. वारणेच्या खोऱ्यात उतरलं की कुठल्याच कंपनीची रेंज टिकत नाही, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. तिथे दोनच मार्ग. बेस आणि रोव्हरमध्ये रेडिओ, पण त्याला डोंगर आडवा यायला नको आणि त्या लहरींची परवानगी हवी. नाहीतर दोन्ही रिसीव्हरमध्ये कच्चा डेटा साठवायचा आणि घरी येऊन हिशोब करायचा. मी दुसरा मार्ग घेते. आणि रेंज असलेल्या ठिकाणीही कच्चा डेटा साठवणं चालूच ठेवते. नेटवर्कने दगा दिला तरी दिवस वाया जात नाही, आणि बेसचे निर्देशांक पुढे कधी सुधारले तर काम नव्याने काढता येतं.

सुरक्षेचं थोडक्यात. रिसीव्हरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. वेब पान बाहेरून दिसावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडू नका. साध्या एनट्रिपमध्ये नाव-पासवर्ड लपवलेले नसतात, मधल्या कोणालाही वाचता येतात, म्हणून बँकेचा किंवा मेलचा पासवर्ड तिथे वापरू नका. प्रत्येक रोव्हरला वेगळं नाव द्या. एकच नाव दोघांनी वापरलं तर काही कास्टर एकाला बाहेर काढतात, आणि मग तासगावच्या पोराचा फिक्स मिरजेतल्या पोरामुळे जातो.

पहिला बिंदू घेण्याआधी मी रोव्हर माहीत असलेल्या बिंदूवर ठेवते, उंचीच्या कामाला लेव्हलने उंची आणलेल्या बेंचमार्कवर (पक्क्या खुणेवर). आडव्यात दोन सेंटिमीटर आणि उंचीत तीन-चार सेंटिमीटरच्या आत बसलं तरच काम सुरू. फरक तेवढ्याहून जास्त पण सगळीकडे सारखाच येत असेल, तर नेटवर्ककडे बघायची गरज नाही: १००५ मधले निर्देशांक, अँटेनाची उंची आणि निवडलेला माउंटपॉइंट हे तिन्ही तपासायचं, याच क्रमाने. कॉर्सवरून घेतलेला बिंदू आणि स्वतःच्या बेसवरून घेतलेला बिंदू एकाच कामात मिसळायचे असतील तर दोन्हींनी तोच एक खिळा मोजून फरक लिहून ठेवायचा. फरक दर वेळी वेगळा येत असेल तर वय बघायचं, मग डोक्यावरचं झाड बघायचं.